लांबलेली पाकळी

गुरुवार, दिवेलागणीला

मी काय करून बसले?

आज बाबांच्या मागावर नक्षीचं भोकाभोकांचं कार्ड अडकलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा विणली गेली आणि चादरीवरच्या फुलाची पाकळी वीतभर लांबली. मी विचारलं, "कार्ड खराब झालं?" बाबा म्हणाले, "कार्डाला काय झालंय? चांगलं हाय की. कायतरी धरून बसलंय त्याला."

मला एकदम लॅबमधलं आठवलं.

गेल्या महिन्यात लॅबमध्ये फुप्फुसाच्या गाठीचा तुकडा तपासला होता. वाढीच्या जनुकाचा निरोप, म्हणजे आरएनए, निरोगी तुकड्याइतकाच; त्यावरून बनलेलं प्रथिन मात्र कितीतरी जास्त. मेळ बसेना, म्हणून मी 'नमुना खराब' लिहिलं आणि उरलेला तुकडा फेकला. फेकला! आरएनएला धरून बसणारी काही प्रथिनं तोच निरोप पुन्हा पुन्हा वाचायला लावतात, हे मला पाठ आहे. मग तेव्हा का नाही सुचलं? तीच ती लांबलेली पाकळी होती की.

तुकडा भवानी पेठेतल्या विडीवाल्या मावशींचा. जन्मभर विड्या वळल्या, ओढली एकही नाही. संमतीच्या कागदावर अंगठा उठवताना म्हणाल्या होत्या, "घे की बाळा. मला न्हाय, कुणाला तरी उपयोगी पडंल."

उद्या लॅबमधल्या सरांना सांगेन. पण दुसरा तुकडा कुणाकडं मागू? मावशींना जाऊन पंधरा दिवस झाले.

बाहेर बाबा ती पाकळी ओळ न् ओळ उसवतायत. खराब झाली म्हणून चादर काही त्यांनी फेकली नाही.