स्वतःच्या हातून झालेला अपाय लिहा

सोम. ८ जुलै
ॲक्युपंक्चर करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांचा उजळणी वर्ग. चार दिवस. प्रमाणपत्र नाही, तर पुढच्या महिन्यापासून इस्पितळात सुईला हात लावायचा नाही. सत्तावीस वर्षं लावतेय मी! शिकवायला कोण, तर वसंती. माझ्याच हाताखाली शिकली. सगळ्यांदेखत म्हणते, "मिसेस राव, फोन बंद करा." माझा वाजलाच नव्हता.

मंगळ. ९
खांद्यावरची सुई. स्नायू चिमटीत उचलून तिरकी घालायची, खाली फुप्फुस आहे. सवयीनं सरळ धरली. वसंतीनं मनगटच पकडलं. "बारीक माणूस असला तर मारून टाकाल." पोरं हसली. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "सोड की गं. आता घरी बस." रसम वाढलं नाही मी.

बुध. १०
गृहपाठ: आपल्या हातून पेशंटला झालेला एक अपाय लिहा, उद्या वाचा. शेजारची मुलगी म्हणाली, "आंटी, सुईपाशी काळंनिळं झालं म्हणून लिहा. मीपण तेच लिहिणार."
दारात वसंती. हळूच, तमिळमध्ये: "पापनाशमचे वाध्यार आठवतात?"
आठवतात. पापनाशम गावचे हाडकुळे शाळामास्तर, मी येताच उठून उभे राहायचे. खांद्यात सरळ सुई घातली. परतताना बसमध्येच धाप, फुप्फुसाला भोक, दुसऱ्या दिवशी छातीत नळी. मुलगा विचारायला आला. म्हटलं, जुना दमा असेल. वसंती ट्रे धरून बघत होती. तिच्यावरच खेकसले, बघतेस काय, सुया मोज.
जीव वाचला त्यांचा. म्हणून मग मीही कधी…
डूख धरून बसलीय मेली.
शाळेत चूक कबूल केली की सिस्टर जवळ घ्यायच्या, खिशातून पेपरमिंट द्यायच्या. फार आठवण येते.

गुरु. ११
काळंनिळं लिहिलं होतं. सकाळी फाडलं. मास्तरांचं लिहिलं. माझंच नाव आधी पुकारलं. सरळ सुई, धाप, नळी, सगळं वाचलं. कुणी हसलं नाही. एकानं तर टाळ्या वाजवल्या.
वसंतीनं नाही. सगळे जेवायला गेल्यावर म्हणाली, "त्यांच्या मुलाला काय सांगितलंत, ते कुठाय?"
"ते सुईबद्दल नाही."
"नाहीच." प्रमाणपत्रावर सही केली, माझ्यापुढे सरकवलं. "घ्या, लावा सुया. मुलगा त्याच घरात राहतो अजून."
किती गोड मुलगी होती ही.
उद्या नऊला पहिला पेशंट, मानेचा. पापनाशमची बस साडेआठला.