डोहाळा काही सांगता येईना

राजाजीनगर, बंगलोर
१९ ऑगस्ट १९६२

ती. प्रतिमाताईस अलकाचा साष्टांग नमस्कार (पोट आड येतं, म्हणून मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? इकडे सगळे खुशाल, मला सोडून.

पाचवा लागला. हेमलताच्या वेळच्या बाळंतपणानंतर मी चार महिने भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते तू पाहिलंस. पुन्हा तसंच व्हायला लागलंय गं. सकाळी उठायचं म्हटलं की रडू येतं. पण या घरात गरोदर बाई रडली की तिचा डोहाळा राहिला, एवढंच ठाऊक. डोहाळा राहिला तर बाळाचे कान फुटतात, म्हणून सासूबाई तासातासाला विचारतात, काय खावंसं वाटतं? मी म्हणते, काही नको. त्यावर त्यांनी यांना (कारखान्यातून दमून आलेले असताना) चिंचेपासून पेढ्यांपर्यंत सगळ्यासाठी बाजार हिंडवला. शेजारच्या कृष्णवेणीअक्का 'स्वल्प, स्वल्प' म्हणत चित्रान्नाचा ढीग वाढतात. वजन वाढलं, रडं आहे तेवढंच आहे.

शेवटी डॉक्टर लक्ष्मीदेवींनी रोज अर्धी गोळी लिहून दिली. तेवढ्यात पेपरात परदेशातल्या कुठल्याशा औषधानं बाळं अधू झाल्याची बातमी आली. झालं! सासूबाईंनी बाटली फडताळात कुलूपबंद केली. मीही घाबरले, खोटं कशाला सांगू? पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "ही ती गोळी नव्हे. पण शंभर टक्के हमी मी देणार नाही. तुम्ही अशा कुढत राहिलात, तर तेही बाळाला बाधतंच."

हे सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, नातवंडाच्या पोटात जाणार ते आधी मी पारखते. दुपारी घेतली, तीही अख्खी. श्रावणातला शुक्रवार, हळदीकुंकवाला अकरा बायका दारात, आणि यजमानीण साडेसहापर्यंत घोरतेय. बायकांनी त्यांना निजल्या जागीच कुंकू लावलं. उठल्या त्या इतक्या शांत, की मामंजी धास्तावले. बाटली मात्र अजून कुलपातच आहे. एवढी झोप बाळाला नको म्हणतात.

आईला यातलं काही कळवू नकोस.

तुझी,
अलका

ता. क. कुणी इकडे येणारं असलं तर मेतकूट पाठव.

आणखी एक. मेतकूट नको, तूच ये. मला डोहाळा लागलाय तो एवढाच, की कुणीतरी जवळ बसावं आणि ताट पुढे करू नये. ताई, मला फार भीती वाटते.

चि. प्रतिमेस आशीर्वाद. अलकानं पत्र टाकायला दिलं, ते मी वाचलं. साडेसहा नव्हे, साडेपाचला उठले. माझा श्रीकांत झाला तेव्हा मीही अशीच भिंतीकडे तोंड करून पडले होते. मलाही सगळ्यांनी नुसतं खायलाच घातलं. आज फडताळ उघडलं. अर्धी गोळी आता मीच हातावर ठेवते आणि जवळ बसते. पण मला बोलता येत नाही फारसं. तू लवकर ये.