फुकटचा फोन आणि हार्लनचे निरोप

१२ जानेवारी २०१३, शनिवार

रॉक्सॅननं आज भिंतीवरच्या फोनची तार उपटली! चाळीस वर्षांची तार. लिंकनहून येताना साबणाच्या वडीएवढी काळी डबी घेऊन आली. ती इंटरनेटला जोडली आणि आमचा जुनाच फोन त्या डबीला. आता देशात कुठंही बोला, फुकट.

मी म्हटलं, "फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार."

"गोम एकच आहे आई. ॲम्ब्युलन्सचा नंबर यावरून लागत नाही. त्याला मोबाइल वापरायचा. विसरू नकोस."

हार्लन खिडकीशी बसून सगळं बघत होता. ऑक्टोबरात मेंदूत रक्ताची गाठ अडकली, वाचा आणि उजवा हात गेला, तेव्हापासून तो बघतोच. चाळीस वर्षं या जिल्ह्यात लिलाव पुकारले या माणसानं! एका श्वासात तीन गायी आणि एक ट्रॅक्टर विकायचा. आता 'बरं', 'नाही' आणि एक शिवी एवढंच उरलंय. शिवी मात्र अगदी स्वच्छ येते. आणि नेमकी पाद्रीबाबा समोर असताना.

जाताना रॉक्सॅन दारात कुजबुजली, "आई, तू शाळेत कामाला गेलीस की बाबा एकटा असतो. तुम्ही दोघं माझ्याजवळ लिंकनला या. ईस्टरपर्यंत ठरव." हार्लनला सगळं ऐकू येतं. लोक हे विसरतात.

१३ जानेवारी

आपण फोन उचलला नाही तर समोरच्याला आपला आवाज ऐकू येतो आणि तो निरोप ठेवतो. त्यासाठी रॉक्सॅननं माझ्याकडून चार ओळी वदवून घेतल्या. सहा वेळा! "आई, कोणी मेल्यासारखी नको बोलूस."

२२ जानेवारी

शाळेच्या स्वयंपाकघरातून साडेदहाला घरी फोन केला. वाजतोय, वाजतोय, आणि मग माझाच आवाज — "आम्ही आत्ता फोनजवळ नाही." पोरांच्या सूपचं पातेलं तसंच सोडून घरी धावले. हार्लन खुर्चीत. ठणठणीत.

"फोन का नाही घेतलास? जीव गेला असता माझा!"

त्यानं आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं. एवढंच.

मला समजायला नको होतं? उचलून बोलणार काय तो? शाळेत परत गेले. दुपारभर शरम वाटत होती.

२४ जानेवारी

नवा ठराव. त्यानं फोन उचलायचाच नाही. मी निरोप ठेवणार. आज सांगितलं — राजम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल केलेत, दोनशे दहा पोरं, पहिलीतल्या एकानं रोल खिशात घालून नेला. तुझ्यासाठी दोन आणतेय. बस्स.

२९ जानेवारी

रोज ठेवते. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. पण ठेवते.

४ फेब्रुवारी

आज बर्फामुळे शाळा लवकर सुटली. मागच्या दारानं आत आले तर घरात माझाच आवाज! हार्लन फोनसमोर उभा, डावा हात बटणावर. माझे निरोप ऐकत होता. एक संपला की दुसरा. सगळे ठेवलेत त्यानं, चिलीपासूनचे. आणि ओठ हलत होते. माझ्या मागोमाग माझेच शब्द म्हणायचा प्रयत्न चाललेला. 'दालचिनी'ला अडकला. पुन्हा दाबलं बटण. पुन्हा अडकला. पुन्हा.

मी तशीच मागे बाहेर गेले. दहा मिनिटं गाडीत बसले. मग दार मोठ्यानं आपटून आत आले.

७ फेब्रुवारी

डॅनिकाला सांगितलं. तीच त्याला बोलायला शिकवते, आठवड्यातून दोनदा, इस्पितळात. पोरगी जेमतेम तीस वर्षांची असेल, पण डोकं पक्कं. म्हणाली, "मिसेस स्टोल्टेनबर्ग, समोर माणूस असला की त्यांना घाई होते. तुम्ही त्यांचं वाक्य पुरं करता ना?"

करते. नेहमीच करत आलेय.

"मशीन करत नाही. ते गप्प ऐकून घेतं. आता त्यांनाच निरोप ठेवू द्या. तुमच्या मोबाइलवर."

रॉक्सॅननं फोनवरूनच काय काय दाबायला लावलं आणि माझा मोबाइल आणि तिचाही त्याच फुकटच्या सेवेला जोडला. आता निरोप आला की ते मशीन तो ऐकून आपोआप लिहूनही पाठवतं. स्वयंपाकघरातल्या फोनची दोन मोठी बटणं लावून दिली — वरचं माझं, खालचं रॉक्सॅनचं. मोबाइलची बारीक बटणं हार्लनला एका हातानं जमत नाहीत.

१२ फेब्रुवारी

पहिला निरोप आला! सव्वा अकरा. नुसतं घुमल्यासारखं, मध्ये मोठे खड्डे. आणि मशीननं लिहिलं —

"गाय दंतवैद्याकडे गेली आहे."

घरी येऊन त्याला वाचून दाखवलं. आधी नुसता बघत राहिला. मग खांदे हलायला लागले. हसत होता! ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा! मी पण — टेबलाला धरून हसले. "कुठली गाय रे? आणि तिला बसवलं कसं खुर्चीत?" शिवी दिली त्यानं. स्वच्छ.

१५ फेब्रुवारी

"शुक्रवारी राजाची टोपी."

१९ फेब्रुवारी

"बर्नार्ड, भूत गरम झालं." म्हणजे काय, तर — व्हर्ना, सूप गरम केलं! घरी आले तर खरंच शेगडीवर सूप. बर्नार्ड कोण ते देव जाणे, पण आता मला तो बर्नार्डच म्हणतो. म्हणजे म्हणायचा प्रयत्न करतो.

२६ फेब्रुवारी

रोज दोन-तीन निरोप. शेजारची युनिस पोकोर्नी कोलाचे — जॅम भरलेले गोड पाव — घेऊन आली होती. ऐकून म्हणाली, "अगं, चाळीस वर्षं तो बोलत होता तेव्हा तू म्हणायचीस, जरा गप्प बस म्हणावं याला. आता मशीन लावून बोलतं करतेयस!" मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं आणि ते कोलाचेवर पडू नये म्हणून तिनं ताट माझ्या हातात दिलं.

मशीनला शब्द बरोबर कळला तर हार्लन जिंकला, असा आमच्यात खेळच झालाय. आज चारातले दोन शब्द बरोबर.

८ मार्च, इस्पितळात

नर्सकडून पेन मागून घेतलंय. सगळं लिहून ठेवते.

परवा, बुधवारी सकाळी. शाळेला निघायच्या आधी कचरा टाकायला मागच्या पायऱ्या उतरत होते. रात्रीतून बर्फ काचेसारखा झाला होता. गेले! कंबरेतून कट्कन आवाज आला, मलाच ऐकू आला. उठता येईना. मोबाइल आत पर्समध्ये. युनिसची गाडी दारात नव्हती.

ओरडले तर हार्लन दारात आला. मला बघितलं. आणि आत गेला! खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, संपलं. त्याला कळलंच नाही. ॲम्ब्युलन्सचा नंबर त्या फोनवर लागत नाही, मोबाइल त्याला जमत नाही. युनिस येईपर्यंत मी इथंच.

तो परत आला तो सोफ्यावरची पांघरुणं घेऊन. सगळी. एका हातानं फरफटत. माझ्यावर घातली आणि स्वतः बर्फावर माझ्या शेजारी बसला. डोक्यावर टोपीसुद्धा नाही. माझा हात घट्ट धरून पुटपुटत होता — "तीस, बत्तीस, बत्तीस, पस्तीस..." लिलाव! मी म्हटलं, "कितीला जातेय मी?" म्हणाला, "नाही." मग पुन्हा, "नाही, नाही."

आणि अर्ध्या तासाच्या आत ॲम्ब्युलन्स आली. मला काही कळेना, बोलावली कोणी?

संध्याकाळी रॉक्सॅननं फोन दाखवला. ती औषधांच्या दुकानात खिडकीवर कामात होती, फोन उचलता आला नव्हता. मग खिशात थरथर झाली म्हणून बघितलं. हार्लनचा निरोप होता —

"रॉक्सॅन. आई पडली. बाहेर. बर्फ. काड मोडलं. ये. ये. ये."

एकच अक्षर चुकलंय! हाडाचं काड. बाकी सगळं मशीनला कळलं. तिनं तिथूनच आमच्या जिल्ह्यात ॲम्ब्युलन्सला कळवलं.

आवाजही ऐकवला तिनं. दहा शब्दांना एक मिनिट पाच सेकंद. मध्ये धापा. 'पडली'ला चारदा अडकलाय, पण सोडलं नाही. वाक्य पुरं करायला मी नव्हतेच तिथं.

९ मार्च

नवा खुबा बसवला. दुखतंय. छान वाटतंय.

११ मार्च

रोज साडेदहाला इथल्या खाटेवर मोबाइल वाजतो. मी मुद्दाम उचलत नाही. निरोप येऊ देते. आज — "व्हर्ना. युनिस जेवण देते. मीठ नाही. घरी ये."

युनिसला दाखवणार नाही.

२४ मार्च

घरी. वॉकर घेऊन फोनपर्यंत चालले, काळी डबी पुसली. वेडेपणा आहे, पण पुसली.

रॉक्सॅन जेवायला होती. मी वाट बघत होते, आता लिंकनचं काढेल. खुबा मोडलेली आई, अर्धा बोलणारा बाप — तिचंच बरोबर ठरलं असतं. तिनं भांडी घासली, हात पुसले, म्हणाली, "बाबा, तुझा तो निरोप मी ठेवलाय. पुसणार नाही कधी." हार्लन म्हणाला, "पायऱ्या." आम्ही दोघी बघतच राहिलो. "पायऱ्यांना. कठडा. लाव." तिनं हो म्हटलं. घर सोडायचं कोणीच बोललं नाही.

मी देवाचे आभार मानले. मग ते मशीन कुणी बनवलं असेल त्याचे. मग डॅनिकाचे. यादी लांबली आणि मला झोप लागली.

९ एप्रिल

डॅनिकानं आज हार्लनला — मला नाही, त्याला — विचारलं. "हार्लन, पलीकडच्या गावात ऑरिन व्हासेक म्हणून एक जण आहेत. दुधाचा टँकर चालवायचे. तीन आठवड्यांपूर्वी वाचा गेली. बायको नाही. माझ्याशी तोंड उघडत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. तुम्ही त्यांना फोन कराल? मी त्यांना विचारलंय, त्यांनी होकाराची मान हलवली."

मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

हार्लनला खूप वेळ लागला. म्हणाला, "करीन."

१० एप्रिल

साडेदहाला हार्लननं फोन लावला. पलीकडे उचलला गेला, पण आवाज नाही. हार्लननं नाव सांगितलं. आवाज नाही. मग हार्लनही गप्प बसला. फोन कानाला, नजर खिडकीबाहेर. पंचवीस मिनिटं. मी हलले नाही. शेवटी म्हणाला, "बरं, ऑरिन. उद्या." आणि हळूच ठेवला.