बसून राहिलं की जीव भरतो

प्रिय धाकट्या,

फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच काहीतरी बोलतोस आणि मी सांगायचं ते सोडून तुझी समजूत काढत बसते. म्हणून हाताने लिहिते आहे. झालं की फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर मोठं करून वाच.

लॅबमध्ये कामाचा ढीग आहे. शेजारच्या टेबलावरची बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या वाटच्या कवळ्याही माझ्या गळ्यात पडल्या. दिवसभर मेणात दात रोवत असते. रंग जुळवायला तेवढी उठून खिडकीशी जाते, ट्यूबच्या उजेडात सगळ्यांचे दात सारखेच दिसतात. बाबांची कवळी मीच केली होती, तुला आठवत असेल. प्रार्थनाघरात प्रार्थना म्हणताना 'स' आला की शिट्टी वाजायची, म्हणून पुढचे दात मी पुन्हा पुन्हा घासून दिले. तरी तू गेमसाठी रेकॉर्डिंग केलंस त्या दुपारी एका ओळीत शिट्टी वाजलीच. तू म्हणालास, पुन्हा घेऊ. बाबा म्हणाले, "राहू दे, देवाला सवय आहे."

त्या दुपारी तू सगळं घर डोक्यावर घेतलं होतंस. खिडक्यांवर गोधड्या टांगल्या, फ्रिज बंद केला, मला स्वयंपाकघरात हलूही दिलं नाहीस. मग बाबांना समजावून सांगितलंस की गेममध्ये एक शहर पार उद्ध्वस्त झालेलं आहे, खेळणारा जखमी होऊन भटकत भटकत एका पडक्या प्रार्थनाघरात येतो, तिथे एक म्हातारा उभा राहून प्रार्थना म्हणत असतो, आणि ती ऐकत बसून राहिलं की जीव भरतो. बाबांनी एवढंच विचारलं, "बसतात का पण खरंच?" तू म्हणालास, बसावंच लागतं, नाहीतर मरतात. यावर बाबा किती खूश झाले. म्हणाले, आमच्याकडे कोणी मरत नाही ना, म्हणून बसत नाहीत.

पुढे गेम चालला, तुझं नाव झालं, आणि एकदा तू सहज सांगितलंस की बहुतेक लोक चौथ्या ओळीला उठून जातात, कारण तोवर जीव पूर्ण भरलेला असतो. मी बाबांना सांगितलं. मला वाटलं, वाईट वाटेल. ते म्हणाले, पहिल्या चार ओळी नुसत्या हाक मारायच्या आहेत, मागायचं ते सगळं पुढे येतं. मग म्हणाले, "आपली मंडळीही चौथ्या ओळीलाच घड्याळ बघायला लागतात."

प्रार्थनाघराच्या विश्वस्तांनी तो गेम पाहिला त्या दिवसाबद्दल मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुला वाटतं, ते आधीपासून दात धरून होते. तसं नव्हतं. चष्म्याच्या दुकानवाले काका तर कौतुकाने आले होते. मागच्या खोलीत पडदा लावला. खेळायला बसवलं होतं काकांच्या जावयाला, आणि तो सारखा भिंतीवर जाऊन आपटत होता. काका मागून सांगत होते, अरे सरळ जा की, दार दिसतंय समोर. सगळे हसत होते. मी चहा घेऊन दारातच उभी होते. मग एकदाचा तो आत शिरला आणि बाबांचा आवाज सुरू झाला. धाकट्या, सगळेच्या सगळे उठून उभे राहिले. माना खाली, हात जोडलेले. इतक्या वर्षांची सवय, आवाज कानावर पडला आणि पाय आपोआप सरळ झाले. ओळ, दोन ओळी तसेच उभे होते. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की आपण पडद्यासमोर उभे आहोत, एका खोट्या भिंतीसमोर. एकेक करत खाली बसले, कोणी कोणाकडे बघेना. मला वाटतं, सगळं तिथे फिरलं. माणसाला पाया पडल्याचा राग येत नाही, चुकीच्या ठिकाणी पडल्याचा येतो.

तरीही ते निभावलं असतं. पण जावयाने फोनवर खेळणाऱ्यांनी टाकलेली ती दुसरी चित्रफीत शोधून काढली आणि तिथेच सगळ्यांना दाखवली. त्या म्हाताऱ्याला मारलं की त्याचा झगा मिळतो आणि झगा घातला की वार लागत नाहीत, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. कोणीतरी ते सगळे मृत्यू एकापुढे एक जोडले होते. प्रत्येक वेळी आवाज अर्ध्या ओळीत तुटायचा. खाली हजारो हसरे चेहरे. तू मला नंतर समजावलंस की तो भाग तुझ्याकडे नव्हता, गेममध्ये कोणालाही मारता येतं, नियम सगळ्यांना एकच, त्यात धर्माचा काही राग नाही. मला ते पटलं होतं. मी काकांना तसंच सांगितलं. काका म्हणाले, "सगळ्यांनाच मारता येतं, ही काय समजूत घालायची गोष्ट झाली का?" मग ते हळू आवाजात म्हणाले, "आणि बसून राहिलं की जीव भरतो, हे कुठून आणलं त्याने? आम्ही जन्मभर बसलो. कोणाचा भरला?" हे ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं.

बाबांना विश्वस्तांनी फक्त एक वाक्य बोलायला सांगितलं होतं, की मुलाने मला फसवलं. एवढ्यावर सगळं मिटणार होतं. बाबा म्हणाले, मला माहीत होतं, मी स्वतः म्हटलं. मारता येतं हे माहीत होतं का, असं विचारलं, तेव्हा म्हणाले, "मला इथेही कोणी मारू शकतं. मी काही दार लावून म्हणत नाही." ते वाक्य विश्वस्तांना फार लागलं. त्या दिवसापासून पुढे प्रार्थना म्हणायला काकांचा जावई उभा राहू लागला आणि बाबा मागच्या रांगेत, खांबाजवळ. जावयाचा आवाज वाईट नाही. नुसता घाईत असतो.

मग तुमच्या कंपनीने विश्वस्तांच्या तक्रारीला घाबरून आवाज काढून टाकला. तू कळवलंस तेव्हा रडत होतास. इकडे मंडळींनी एकमेकांचं अभिनंदन केलं, आणि पुढच्याच आठवड्यात खेळणाऱ्यांचे फोन सुरू झाले. प्रार्थनाघराचा नंबर कोणीतरी पसरवला होता, तो म्हणजे काकांच्या दुकानातला फोन. आईबहिणीवरून शिव्या. बाहेरच्या भिंतीवर काळ्या रंगात काय काय लिहून गेले, ते पुसताना गिलावा निघाला. दुकानावर एकटी बसणारी काकू फोन वाजला की दचकायची. एक बाई मात्र फोनवर नुसती रडली होती म्हणे. रुग्णालयात नर्स आहे, ड्यूटी संपली की त्या पडक्या घरात जाऊन बसायची, शेवटच्या ओळीपर्यंत. काकूने तिचाही फोन ठेवून दिला. शंभर शिव्या ऐकल्यावर रडणं ओळखू येत नाही.

बाबांनी मला सगळं दाखवायला लावलं. चित्रफितीसुद्धा. मी नको म्हटलं, पण तुला त्यांचा हट्ट ठाऊक आहे. चष्मा पुसून बसले आणि स्वतःला मरताना बघत राहिले. नंतर आवाज काढलेला गेम दाखव म्हणाले. त्यात तो म्हातारा अजून उभा होता, ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाबा म्हणाले, "बंद कर." त्यानंतर घरातही त्यांनी कधी प्रार्थना म्हटली नाही. तुझा फोन आला की अंघोळीला गेलेत म्हण, असं सांगायचे. ते तुझ्यावर चिडले नव्हते. मी विचारलं होतं. म्हणाले, मी बोललो की प्रार्थना सुटल्याचं त्याला कळेल, आणि मग तो माफी मागत बसेल.

एक गोष्ट तुझ्यासाठी राखून ठेवली होती. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस लांबून आला होता, खास तो आवाज ऐकायला. प्रार्थनाघरात येऊन नेमका बाबांच्या शेजारी बसला. जावयाची प्रार्थना संपल्यावर त्याने बाबांनाच विचारलं, ते म्हणणारे आजोबा कुठे असतात? बाबा म्हणाले, "ते गेले." त्याचे डोळे भरले. मग तो सांगत बसला, की बायको सोडून गेली तेव्हा महिनाभर तो त्या पडक्या घरातच होता, खेळ पुढे नेलाच नाही. आणि मग, कबुली द्यावी तसा म्हणाला, सुरुवातीला झग्यासाठी त्याने आजोबांना मारलंही होतं, बऱ्याचदा. बाबांनी त्याला विचारलं, "मग? झगा बसला का अंगावर?" घरी येऊन मला हे सांगताना ते पोट धरून हसले. शेवटचं हसले ते तेव्हा. मी म्हटलं, सांगायचं होतंत ना, मीच तो म्हणून. म्हणाले, सांगितलं असतं तर म्हणावं लागलं असतं, आणि आता मला म्हणता येत नाही. तोंड उघडलं की वाटतं, कोणीतरी अर्ध्यात तोडणार.

झटका आल्याचं तुला कळवलं होतं. तू विचारतोस, काही फरक आहे का. नाही. उजवी बाजू गेली, वाचा पूर्ण गेली. कवळी काढून वाटीत ठेवली आहे, त्यामुळे चेहरा निराळाच दिसतो. मी तुझं नाव घेते तेव्हा डोळे हलतात, पण ते मी पाण्याचं नाव घेतलं तरी हलतात. तुला खोटं सांगणार नाही. डॉक्टर म्हणतात, आता दिवसांचाच प्रश्न आहे, घरीच राहू दे.

काल काका आले होते. बराच वेळ बाबांचा पाय चेपत बसले. वाईट माणूस नाही रे तो. जाताना दारात म्हणाले, शेवटची प्रार्थना आम्ही म्हणू, पूर्ण, सगळी मंडळी येतील, त्याने जन्मभर आमच्या माणसांसाठी म्हटली आहे. फक्त मुलगा समोर नको. तो असेल तर कोणी आत येणार नाही. मी विचारलं, रस्त्यापलीकडे उभा राहिला तर? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी हातापाया पडले, ते रडले, पण मान हलवायची थांबली नाही. बाबांना विचारता आलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे मला माहीत आहे. प्रार्थना गेली खड्ड्यात, पोराला बोलाव. तुलाही माहीत आहे. पण मी त्यांच्या उशाशी बसते, आणि त्या मुक्या तोंडाकडे बघून मला एवढंच कळतं, की या माणसाला असं मुकाट्याने जाऊ द्यायचं नाही. म्हणून हे लिहिते आहे. येऊ नकोस. तिकीट काढलं असशील तर रद्द कर. माझ्यावर जन्मभर राग धरलास तरी चालेल, मी ते धरूनच चालले आहे. दोघांपैकी एकालाच देण्यासारखं माझ्याकडे काहीतरी होतं, ते मी बाबांना दिलं, आणि तू अजून जगणार आहेस.

तू मानशील तोवर तुझीच,
ताई