जंतूची भिंत आणि दादाचा पाय

॥ श्री ॥
नागपूर, ता. ६ जानेवारी १९४७

ती. सौ. पुष्पावहिनीस कोकिळाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

दादा बाजारात सांगत फिरतो म्हणे, की बी.एस्सी. होऊन आमची कोकी नागपुरात जंतूंच्या घरची गवंडीण झाली. त्याला सांगा, खरंच आहे ते. जंतूभोवती एक कवच असतं, भिंतच म्हणा. वाढताना ती तो स्वतःच बांधत जातो. कशी बांधतो, हेच मला एम.एस्सी.साठी शोधायचं आहे. पेनिसिलीन घातलं की काही जंतू फुगून फुटतात. त्यांचं बांधकामच अडत असावं, असा आमच्या सरांचा अंदाज आहे.

बाबांना म्हणावं, लग्नाचं परीक्षेनंतर बघू. या धाकट्या नणंदेवर माया आहे तशी असू द्या.

आपली,
कोकिळा


॥ श्री ॥
बुलढाणा, ता. १८ जानेवारी १९४७

चि. कोकिळाताईस अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र यांचे दोस्त नजीरभाऊ यांच्या हाती देऊन राह्यले. बसून वाचा. मोताळ्याच्या बाजारात कपाशीच्या भरल्या गाडीचं चाक तुमच्या दादाच्या पायावरून गेलं. तुमचा अभ्यास मोडंल म्हणून कळवलं नाही. आता इथं दवाखान्यात आहो. पाय घोट्यापर्यंत काळा पडला, हिरवट पू येते, ताप उतरत नाही. नजीरभाऊनं मुंबईहून पेनिसिलीन आणलं, त्याच्या सुया चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, पाय गुडघ्याखाली कापा, नाही तर विष वर चढंल. सुयांनी भागते का, हे जंतू कोणता त्यावर आहे, अन् ते पाहाची सोय इथं नाही. म्हणून त्यांनी पू नळीत बंद करून नजीरभाऊजवळ देला.

हे कापू देत नाहीत. म्हणतात, औषधानं जंतू फुटते असं कोकीनं स्वतः लिहिलं, सुया पुऱ्या होऊ द्या. मामंजींनी तोंड फिरवलं अन् म्हणाले, सूनबाई, तूच ठरव. मी चौथी शिकलेली, काय ठरवू? तुम्ही पाहा अन् खरं तेच लिहा. माझ्या कुंकवाकडे पाहून गोड लिहू नका.

तुमची वाट पाहणारी,
पुष्पा


नागपूर, ता. २० जानेवारी १९४७

ती. सौ. वहिनीस सा. नमस्कार.

नजीरभाऊ बाहेर थांबले आहेत, गाडीची वेळ होत आली. पू काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, काचेच्या बशीत वाढवला. एका बशीत पेनिसिलीन घातलं, एकीत नाही. दोन्ही सारख्याच हिरव्या झाल्या. सरांनीही पाहिलं. या जंतूच्या भिंतीची जातच निराळी, पेनिसिलीन तिला लागू पडत नाही. मी ‘काही जंतू’ लिहिलं होतं, दादानं ‘सगळे’ वाचलं.

याच्यावर चालेल असं औषध इथे कुठेच मिळालं नाही. वहिनी, पाय कापू द्या. हे पत्र पोचताच. मी डॉक्टर नाही, आणि माझं काही चुकलं तर नसेल ना, हे स्वतःला सारखं विचारते आहे. पण बशी तेच सांगते. दादा चिडला तर कोकीनं सांगितलं म्हणा, तुमच्या माथी घेऊ नका.

घाईत लिहिलं आहे, अक्षर लावून घ्या.

कोकिळा


॥ श्री ॥
मोताळा, ता. ३० मार्च १९४७

चि. कोकीस अनेक आशीर्वाद.

तुह्या वहिनीनं सही केली तवा मी तिले नाही ते बोललो. तुले तर महिनाभर शिव्या देल्या. कापल्यावर ताप उतरला, तरी म्हणलं, पाय ठेवूनही उतरला असता. तुही पत्रं आली ती उघडली नाही.

मग माह्या शेजारच्या खाटेवरचा, जानेफळचा उकंडराव गेला. त्याची जखमही तशीच हिरवी. घरच्यांनी कापू देल्लं नव्हतं. त्याची बायको रुखमाबाई तुह्या वहिनीच्या गळ्यात पडून एकच म्हणत होती, “आमच्या घरात सांगणारं कोनी नव्हतं.” मी पांघरूण तोंडावर घेतलं. त्याच दिवशी तुही पत्रं फोडली.

त्यात वाचलं, तू कॉलेजात जाऊन नाही राह्यली. काचेत पाह्यलं का माहा पाय दिसते, असं लिहिलं तू. बाबा म्हणतात, येऊ द्या घरी, लग्न लावून देऊ. मी त्यायले नाही म्हणून सांगतलं.

मी कुबडीवर वावरापर्यंत जातो. नजीर म्हणते, शर्यत लाव. बांधावर दोनदा पडलो, तुह्या वहिनीले सांगू नको. पण माह्यासाठी तू येऊ नको. तो जंतू आणखी कोनाकोनाच्या पायात बसला असंल. त्याची भिंत कशी बांधल्या जाते ते पाह्य. सोमवारी कामावर जाय, अन् गेली म्हणून पोस्टकार्ड टाक. डाकवाल्याची वाट पाहून राह्यलो.

रागावलो तरी लोभ आटला नाही. तुहाही आटू देऊ नको.

तुहा दादा,
पंजाबराव