लोणीचा डोळा

११ जानेवारी
हरभऱ्या गेला! सकाळी पिंजऱ्यात आडवा, थंडगार. लोणी त्याच्या पाठीला नाक लावून बसलेली, उचलली तरी परत तिथंच. दोन्ही ससे आईचे, नावंही तिचीच. तो तपकिरी म्हणून हरभऱ्या, ही पांढरी म्हणून लोणी. आई दिवाळीच्या तोंडावर गेली आणि आता हा.

अण्णांनी परसात पेरूखाली खड्डा केला. कुदळ सारखी दगडावर आदळत होती. शेवटी मीच घेतली हातातून. ऑफिसला उशीर. साहेबांना काय सांगणार — ससा वारला?

१४ जानेवारी
संक्रांत. यंदा आपल्याला सण नाही. दैवशालाकाकू शेजारधर्म म्हणून पोळ्या घेऊन आल्या. लोणीचा उजवा डोळा ओला, खालचे केस चिकटलेले. काकू म्हणाल्या, "रडतीय गं ती! जोडीदार गेला की." आणि लगेच — "मुकं जनावर रडाय लागलंय, आन् तू? आई गेली तरी तुझ्या डोळ्याला पाणी न्हाय."

काकूंची जीभ अशीच. पण खोटं काय बोलल्या? तेराव्यापर्यंत मी पाहुण्यांचे चहा आणि अंथरुणं बघत हिंडले. रडायला सवड झाली नाही. सवड झाली तेव्हा येईना.

१५ जानेवारी
गल्लीतल्या बायका रडणारा ससा बघायला येऊन गेल्या. लोणीला काही नको, फक्त कोपरा हवा.

२० जानेवारी
आता नुसतं पाणी नाही, पांढरा चिकटा आहे. सकाळी पापणी उघडतच नाही. कोमट पाण्याचा कापूस धरून बसावं लागतं. काकूंनी गुलाबपाणी सुचवलं. मग म्हणाल्या मध. मी म्हटलं, काकू, डोळा आहे, शिरा नाही!

गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बिचारे सरळ माणूस. "ताई, म्हशीचं इचारा, झोपंत सांगतो. सशाचं मला खरंच कळत न्हाय. सोलापूरला न्या." अण्णांना घरी येऊन सांगितलं, तर म्हणाले, "ने मग. तुझ्या आईचा जीव हुता तिच्यात."

३१ जानेवारी
सोलापूरला जाऊन आले. भाजीच्या टोपलीवर जाळी बांधून लोणीला घेतलं. येडशीपासून कंडक्टरची चेष्टा — "ह्याचं हाफ काढायचं का फुल?" तुळजापूरला निम्मी गाडी रिकामी झाली तेव्हा कुठं तिला खिडकीजवळ ठेवता आलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी डोळा सोडून आधी तोंड उघडलं. वरच्या दाढांची मुळं वाढलीत म्हणाल्या. त्यांनी डोळ्यातल्या पाण्याची वाट दाबून टाकलीय. काय खायला घालता? मी सांगितलं — भाकरीचा दुधात काला, शेंगदाणे, गूळ. "गवत? कडबा?" ते नाही. आई म्हणायची, एवढंसं तोंड, ते कडबा कसं चावणार? चावल्यानंच दात झिजतात म्हणे. आईनं मायेनं मऊ मऊ घातलं आणि तेच नडलं.

मग त्यांनी विचारलं, जोडीदार होता का? म्हटलं, होता, ह्याच महिन्यात गेला. "मग तो चाटून साफ ठेवत असणार. डोळा आधीपासूनच वाहत असेल. तुम्हाला दिसला तो गेल्यावर."

म्हणजे ती रडत नव्हतीच! किती दिवसांची आजारी होती आणि त्यानं आम्हाला कळू दिलं नाही.

परतीच्या गाडीत मला रडू आलं. मोठ्यानं. शेजारच्या बाईनं तुळजापूरचा प्रसाद हातावर ठेवला, काही विचारलं नाही. बरं केलं.

१ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंनी दिलेला लोणीचा ड्रॉप गार ठेवायचा आहे, म्हणून फ्रिजचा दरवाजा आवरला. आईचं काय काय तसंच होतं. शुगरची इंजेक्शनं, कसल्याशा थेंबांची बाटली, सुकलेलं आलं. सगळं टाकून दिलं. हात धजत नव्हता, पण किती दिवस ठेवणार?

३ फेब्रुवारी
अण्णा फ्रिज उघडून दरवाजावर हात फिरवत उभे. काय पाहिजे विचारलं. "काय न्हाय. पाणी." पाणी माठात आहे, माठ त्यांच्या मागंच. वय झालं आता.

९ फेब्रुवारी
सकाळ-संध्याकाळ मी ड्रॉप घालते, दुपारचा अण्णा. फरक शून्य. डॉक्टरबाईंना फोन केला. नेमानं घाला म्हणाल्या. आणखी कसा नेम असतो!

१७ फेब्रुवारी
आज हाफ-डे मिळाला. घरी आले तर अण्णा ओसरीत लोणीला मांडीवर घेऊन बसलेले. बोटानं चाचपत, हळूहळू, आणि थेंब पडला तो तिच्या कानावर. दुसरा धोतरावर. मग बाटलीला टोपण लावून तिला म्हणाले, "झालं बघ, शाणी ती."

मला इतका संताप आला! म्हटलं, अण्णा, इतके दिवस असंच घालताय? सांगायचं तरी! नीट बघायला काय होतंय? ते म्हणाले, "घावला न्हाय गं डोळा."

मी जास्त बोलले. म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का? पण माफीसुद्धा मागितली नाही.

१९ फेब्रुवारी
बुबुळ निळं पडलंय. खाणं बंद.

२१ फेब्रुवारी
सोलापूर. डोळा काढावा लागला. दाढा घासून दिल्या. ती शुद्धीवर येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होते. माझ्या आईचा, अयोध्या बब्रुवान हिचा ससा, देवी, एवढा तरी ठेव, असं काहीतरी म्हणत होते. मी नवस बोलणाऱ्यातली नव्हे!

१ मार्च
लोणी कडबा खाते! आधी बारीक तुकडे, आता कांडंच ओढून घेते. एका डोळ्यानं सगळं घर फिरते, खुर्चीला न अडखळता. काकू म्हणाल्या, "तुझ्या आईची जिद्द हाय तिच्यात." आज काकू आवडल्या.

अडखळतात ते अण्णा. काल उंबऱ्यावर ठेच, आज चहा कपाबाहेर ओतला. त्यांनाही दाखवायला हवं. मोतीबिंदू असणार. काकू म्हणतात, पिकला आसंल, एका दिवसाचं काम.

७ मार्च
मोतीबिंदू नाही. काचबिंदू. उजव्या डोळ्याची नजर गेली, ती परत येत नाही. डाव्यात थोडी उरलीय.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांचा जुना केसपेपर काढून विचारलं, रोजचा ड्रॉप मध्येच का बंद केला? मी म्हटलं, कसला ड्रॉप? अण्णा मान खाली घालून म्हणाले, "हिची आई घालायची, निजताना. मला सोताला नीट घालाय येत न्हाय."

"मग मला सांगायचं ना, अण्णा!"

"बाटलीच घावंना. आन् तू त्या सशापायी किती पळत हुतीस."

फ्रिजच्या दरवाजातली ती बाटली आईची नव्हती.