सगळं खातो, वेळेवर खातो

प्रिय आई,

पत्र बघून आधी घाबरली असशील. मी बरी आहे. जेवते, झोपते, नोकरी नीट चालू आहे. घरमालकीणबाईंनी खोलीच्या दाराला नवी कडी बसवून दिली, म्हणजे तुझी ती एक काळजी मिटली. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी मूळ विषयाला हात घातला की तुला गॅसवरचं दूध आठवतं, नाहीतर बेकरीतून मालकांची हाक येते. गेल्या आठवड्यात तर रोज दूध उतू जात होतं. आपल्याकडे एवढं दूध येत नाही, आई. पत्र मात्र मध्येच तोडता येत नाही. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचतेस, तशीच वाच. बाबांना आणि टिल्लूला लगेच दाखवू नकोस. वाचून झाल्यावर वाटलं तर दाखव.

आधी त्या शनिवारचं बोलते. टिल्लू सरावात गोल अडवता अडवता मैदानावर कोसळला, खेळाच्या सरांनी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि शिरेतून साखर दिल्यावर त्याने डोळे उघडले. तू मला फोन केलास तेव्हा हे सगळं घडून गेलं होतं. तू म्हणालीस, माझ्या हातून घोळ झाला गं, इन्सुलिन दोनदा दिलं गेलं. त्यावर मी काय बोलले ते तुला आठवतंय. आठवत नाही म्हणालीस तरी मला पटणार नाही. मी म्हणाले, चौथीत शाळा सुटली हे समजू शकते, पण एक आणि दोन तरी मोजता येतात ना तुला? तू नुसती म्हणालीस, हो गं, वय झालं आता. बेचाळिसाव्या वर्षी.

मग मी दोन दिवसांची रजा काढून आले, तर घरातला कारभार बदललेला. इन्सुलिनचं पेन बाबांच्या ताब्यात. दारातच ते मला म्हणाले, हे खातं आता माझ्याकडे, तुझ्या आईवर सोडायची सोय राहिली नाही. मी मान डोलावली. तू ते बघितलंस आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलंस. बाबा चष्मा कपाळावर चढवून, जीभ दातांत धरून पेनवरचा आकडा फिरवत होते, आणि टिल्लू भिंतीकडे तोंड करून पोट आक्रसून बसला होता. तू त्याला झोपेत इंजेक्शन द्यायचीस तेव्हा तो कूससुद्धा बदलायचा नाही. दवाखान्यातल्या नर्सने तुला पहिल्या दिवशीसारखं पुन्हा संत्र्यावर सुई टोचायला बसवलं, हे तू हसत सांगितलंस. म्हणालीस, संत्र्याने काही तक्रार केली नाही. बाबा हसले, मीही हसले. आता ते हसू आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

दुसऱ्या दिवशी टिल्लूला घेऊन मी अंडी आणायला गेले, आठवतं? आम्हाला यायला उशीर झाला म्हणून तू खिडकीत उभी होतीस. त्या वाटेवर तो एकदम म्हणाला, ताई, आईने एकदाच दिलं होतं. मी बघितलं. मी म्हटलं, मग ती दोनदा का म्हणते? म्हणाला, मला काय माहीत, मोठ्या माणसांचं मोठी माणसं जाणोत. मग त्याने सगळं सांगितलं. ताटाचा फोटो तू मला पाठवला होतास, नेहमीसारखा: दोन अंडी, परतलेला कोबी, चीज. ताट बघून किती इन्सुलिन द्यायचं तो आकडा रोजच्यासारखा माझ्याकडून यायचा होता. माझा फोन प्रयोगशाळेबाहेरच्या कप्प्यात पडलेला, कारण आत न्यायला परवानगी नाही, आणि त्या दिवशी पाण्याचे नमुने उशिरा आले म्हणून मी बाहेर पडलेच नव्हते. तू पुन्हा पुन्हा फोन केलास. ताट निवलं. टिल्लूला सरावाला उशीर होत होता, तो कटकट करत होता. शेवटी तू कपाटाच्या दाराला चिकटवलेला डॉक्टरांचा कागद वाचलास आणि त्यात दुपारच्या जेवणासमोर जो आकडा होता तेवढं इन्सुलिन दिलंस. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तो डोस भात, बटाटा आणि डाळ खाणाऱ्या मुलाचा होता. आपल्या ताटात भात मी ठेवलाच नव्हता.

मी त्याला विचारलं, अंग थरथरायला लागलं तेव्हा खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या का नाही खाल्ल्यास? तो अंड्यांचा ट्रे दोन्ही हातांनी धरून चालत होता. म्हणाला, साखर वर गेली असती, मग तू म्हणाली असतीस की महिन्याची सरासरी बिघडवलीस. एवढं बोलून तो पुन्हा अंडी सांभाळत चालायला लागला. शुद्धीवर आल्यावर तो पहिल्यांदा काय बोलला, ते तू मला गंमत म्हणून सांगितलं होतंस: ताईला सांगा, मी बिस्किट नाही खाल्लं. आई, त्यात गंमत नव्हती गं. तेरा वर्षांचं पोर मरणाच्या दारातून परत येतं आणि आधी मला जबाब देतं.

हे सगळं सुरू झालं तेव्हा माझ्या मनात वाईट काहीच नव्हतं, हे तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मलाच ते पुन्हा बघायचं आहे. टिल्लूला मधुमेह निघाला आणि त्याची साखर झोक्यासारखी वरखाली व्हायची. तू बोटं टोचून टोचून रडवेली व्हायचीस. मी शेवटच्या वर्षाला होते, रसायनशास्त्राची पुस्तकं वाचणारी घरातली पहिली. इंटरनेटवर मला एक गट सापडला. कितीतरी देशांतले आईबाप आणि मुलं, सगळी सांगत होती की भात, पाव, बटाटे जवळजवळ बंद करा, इन्सुलिन थोडंसंच लागेल, साखर सरळ रेषेत चालेल. मला वाटलं, उत्तर मिळालं आणि ते मला मिळालं. मी घरी येऊन फळ्यावर लिहावं तसं तुम्हाला समजावलं. बाबा म्हणाले, तू शिकलीस, तुलाच कळतं. तू काही विचारलंच नाहीस. दुसऱ्या दिवसापासून उरलेले पाव घरी आणणं बंद केलंस. दिवसभर पाव भाजणारी बाई आपला एक तुकडा बेकरीच्या मागच्या दारात उभ्याने खायची, घरात चुरा यायला नको म्हणून. घरी आलीस की आधी कपडे बदलायचीस, अंगाला येणाऱ्या वासाने टिल्लूला भूक लागू नये म्हणून. बाबा म्हणायचे, आणखी दोन महिने अशीच अंडी चालली तर मी पहाटे आरवायला लागेन. पण खायचे मुकाट्याने.

आणि साखर खरंच सरळ झाली. तेच तर माझ्या डोक्यात गेलं. मी त्याचे आकडे त्या गटात टाकायचे, नाव न लिहिता, ‘माझा भाऊ’ म्हणून. लोक शाबासकी द्यायचे, अनोळखी आया मला सल्ला विचारायच्या. टिल्लूला गेल्या वर्षीची पँट अजून होते, हे तू सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, खर्च वाचला. त्याच्या वयाची पोरं ताडासारखी वाढतात आणि आपलं पोर का वाढत नाही, हा प्रश्न मला पडला नाही. हा आहार प्रत्येकासाठी वाईटच, असं मी आजही म्हणत नाही. तेवढी अक्कल मला नाही, हेच तर आता कळलंय. डॉक्टरांना सांगून, त्यांच्या नजरेखाली, डोस बदलून, वजन-उंची बघत कुणी करत असेल तर ती गोष्ट वेगळी. आपण तसं केलं नाही. म्हणजे मी करू दिलं नाही.

बसथांबा आठवतो ना, दवाखान्यासमोरचा? पहिल्या भेटीत आहाराच्या बाईंनी सांगितलं होतं की वाढत्या मुलाचं काही बंद करायचं झालं तर आधी आम्हाला विचारा. मी ठरवून टाकलं की त्या जुन्या पुस्तकातलं बोलतात, त्यांना कळणार नाही, उगाच ओरडतील. म्हणून आत जायच्या आधी मी तुझी तयारी करून घेतली. मी डॉक्टर झाले, बाकावर पायावर पाय टाकून बसले आणि आवाज जड करून विचारलं, काय बाई, मुलगा काय खातो? तू म्हणायचं होतंस, सगळं खातो, वेळेवर खातो. पहिल्यांदा तू हसलीस. दुसऱ्यांदा अडखळलीस. बाबा म्हणाले, अगं, पाव विकतेस तशी बोल, बिनधास्त. मग जमलं. आत जाताना तू मला हळूच विचारलंस, डॉक्टरांशी खोटं बोलायचं का गं? मी म्हटलं, खोटं नाही आई, फक्त सगळं सांगायचं नाही. त्यानंतर दर भेटीला तू तेच म्हणालीस आणि दर भेटीला डॉक्टरांनी त्याच न खाल्लेल्या जेवणाचा डोस कागदावर लिहून दिला.

त्या शनिवारी काय झालं असेल ते मी मनात पुन्हा पुन्हा बघते. टिल्लू खाटेवर निपचित पडलेला. तरुण डॉक्टर विचारतात, काय खाल्लं होतं याने? आणि तू, घामाघूम, बेकरीच्या ॲप्रनवर तशीच धावत आलेली, म्हणतेस, सगळं खातो, वेळेवर खातो. ते म्हणतात, मग साखर एवढी खाली कशी? इंजेक्शन दोनदा तर नाही दिलंत? तुझ्यासमोर दोनच वाटा होत्या. एक म्हणजे माझं नाव सांगायचं. तू दुसरी घेतलीस. म्हणालीस, हो, दिलं असेल. माझ्या एका पाठ करून घेतलेल्या वाक्यासाठी तू स्वतःला वेंधळी ठरवून घेतलंस, नवऱ्याचं ऐकून घेतलंस, संत्र्यावर सुया टोचल्यास. आणि वर मी तुला मोजायला शिकवलं.

आता या पत्राचं कारण. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून दवाखान्यात फोन केला आणि आहाराच्या बाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तुला फोन केला. तू त्यांना म्हणालीस, तसं काही नाही हो, माझी मुलगी फार हळवी आहे, आईचा दोष आपल्या अंगावर घेते. त्यांनी मला उलट फोन करून समजावलं, तुमच्या भावना कळतात, पण आई म्हणतात ते वेगळं आहे. म्हणजे फाइलमध्ये तू अजून दोनदा इंजेक्शन देणारी आई आहेस, टिल्लू अजून भात खाणारा मुलगा आहे, आणि घरी बाबा अंदाजाने कागदातल्याच्या निम्मं इन्सुलिन देतात. गुरुवारी डॉक्टर त्या फाइलवरून नवा डोस ठरवणार. तोवर कागदातला डोस आणि कागदातलंच जेवण, दोन्ही बरोबर दे. बाबांना निम्मं करू देऊ नकोस आणि माझा आकडा विचारू नकोस. टिल्लू भाताला हात लावायला घाबरेल. त्याला सांग, ताईनेच सांगितलंय, आणि खिशातल्या गोळ्या खाल्ल्या तर ताई कधीच रागावणार नाही. मी गुरुवारी सकाळच्या गाडीने येते आहे. डॉक्टरांसमोर तुझ्या शेजारी बसेन आणि बोलेन. घरातल्या एकुलत्या एक शिकलेल्या पोरीकडे कुणी बोट दाखवू नये असं तुला वाटतं, ते मला कळतं. पण तू नाही म्हणालीस तर ते तुझंच ऐकतील, आईचंच ऐकतात, आणि तो पोरगा पुन्हा मैदानावर कोसळेल. तुला काही बोलता आलं नाही तर बोलू नकोस, माझा हात धरून बस. फक्त या वेळी मला खोटी पाडू नकोस.

तुझीच, तुझ्याशी वाईट बोललेली,
थोरली